अंग चोळून घ्यायचं. पण कधी, कशाने आणि कुणाकडून?

रापण ओढली की दुसऱ्या दिवशी सकाळी हाताची मूठ वळत नाही. लावणीच्या चौथ्या दिवशी कंबर सरळ होत नाही. डिसेंबरात चिवल्याच्या समुद्रात सागरी जलतरण स्पर्धा असते. ती पोहून आलेल्यांना दुसऱ्या दिवशी शर्ट घालायला हात वर करता येत नाही. रात्रभर दशावतार करून पहाटे पेटारा बांधणाऱ्यांच्या पोटऱ्या दगड झालेल्या असतात. या सगळ्यांच्या घरी उपाय मात्र एकच: "पाठीक वायच तेल लाव गो!"

उपाय वाईट नाही. पण त्याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मालिश करावी का? खोबरेल बरं की उंडेल? मुरगळलेला पाय चोळावा का? किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात 'आयुर्वेदिक मसाज' अशी पाटी असते, तिथल्या माणसाला त्याचं शिक्षण विचारलं तर चालतं का? या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो. घाईत असाल तर शेवटचा भाग आधी वाचा. चोळणं कधी टाळायचं ते तिथे आहे, आणि चुकलं तर सगळ्यात महाग पडतं तेच.

मालिशीने काय मिळतं आणि काय मिळत नाही

आधी एक जुना समज बाजूला ठेवू. 'कष्टाने अंगात आम्ल साठतं आणि मालिशीने ते निघून जातं' असं व्यायामशाळेत अजूनही सांगितलं जातं. जोराच्या श्रमात लॅक्टिक आम्ल वाढतं हे खरं. पण श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीरच ते वापरून संपवतं. तुम्ही अंग चोळायला बसता तेव्हा ते तिथे नसतंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका येतो तो स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या बारीक ताणांमुळे आणि त्यांची डागडुजी चालू असल्यामुळे. सवय नसलेलं काम केल्यावर २४ ते ७२ तासांत तो सर्वाधिक असतो आणि पाच-सहा दिवसांत आपोआप ओसरतो.

मग मालिश काय करते? ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये २९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून १०१२ माणसं होती. मालिशीने ताकद, उडी, धाव किंवा दम वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. ठणका थोडा कमी होतो आणि अंग थोडं अधिक वाकतं, एवढं मात्र दिसलं. त्याआधी २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमवणारा व्यायाम करायला लावून त्यांच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मालिश केली होती. चोळलेल्या मांडीत दाहाच्या खुणा कमी दिसल्या. लॅक्टिक आम्लात काहीच फरक नव्हता. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठा इमला बांधू नये.

झोप चांगली लागणं, आखडलेपण सैल होणं, मनाचा ताण उतरणं हे फायदे ज्याने त्याने अनुभवलेले असतात आणि ते खोटे नाहीत. शिवाय आठवड्यातून एकदा स्वतःच्या अंगावरून हात फिरवणाऱ्याला कुठे गाठ आली, कुठे सूज आहे, कुठे कातडी सोलली आहे ते वेळेवर कळतं. माझ्या मते हा फायदा कुणी मोजत नाही, पण कष्टाच्या माणसाला तोच सगळ्यात उपयोगी.

थोडक्यात, मालिश आराम देते. तुटलेलं जोडत नाही. फाटलेला स्नायू, सरकलेली चकती किंवा तडा गेलेलं हाड चोळून बरं होत नाही.

कधी करायची

आपल्याकडे नरकचतुर्दशीला कारीट फोडून अभ्यंगस्नान झालं की पुढच्या दिवाळीपर्यंत पाठीला तेल लागत नाही. मग एखाद्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी अचानक आठवण होते आणि कुणाकडून तरी तासभर रगडून घेतलं जातं. ही सगळ्यात नेहमीची चूक. सवय नसलेल्या अंगाला जोराने रगडलं की रगडण्याचाच ठणका लागतो, आणि तो नेमका स्पर्धेच्या सकाळी.

- स्पर्धेच्या किंवा मोठ्या कामाच्या दोन-तीन दिवस आधी: खोल, दाबून मालिश हवी असेल तर ती इथे संपवा. नवा माणूस, नवं तेल, नवी पद्धत यांचे प्रयोगही याच्या नंतर नकोत.
- त्याच सकाळी: फार तर पाच-दहा मिनिटं, हलक्या आणि भरभर हाताने. अंग गरम करण्याचं खरं काम चालण्याने आणि हातपाय मोकळे करण्यानेच होतं, चोळण्याने नाही.
- काम संपल्यावर: लगेच आडवे होऊ नका. आधी थोडं चाला, पाणी प्या, खा. तास-दोन तासांनी किंवा रात्री आंघोळीनंतर हलका हात पुरे.
- दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी: ठणका जास्त असतो तेव्हा मध्यम दाब. याच काळात मालिशीचा उपयोग सर्वांत जास्त जाणवतो.
- पोटभर जेवणानंतर: नको. वाग्भटांनी अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगाची शिफारस केली आहे, त्यातही डोकं, कान आणि तळपायांवर विशेष भर दिला आहे. पण अपचन झालेल्याने, कफ वाढलेल्याने आणि नुकतंच शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, झालेल्याने तो टाळावा, असंही तिथेच म्हटलं आहे. शिफारस सगळ्यांना पाठ असते, तिच्यापुढची ओळ क्वचितच कुणी सांगतं.

दाब किती असावा याचं साधं माप आहे. दहापैकी दहा म्हणजे असह्य वेदना धरली, तर पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका. श्वास रोखला जातोय, दात आवळले जातायत, म्हणजे दाब जास्त झाला. 'दुखलं म्हणजे लागू पडलं' हे कुस्तीच्या तालमीतलं तत्त्व तालमीतच राहू द्या. तिथला पैलवान रोज मेहनत करतो आणि रोज मालिश घेतो. त्याच्या अंगाला जे झेपतं ते वर्षातून एकदा चोळून घेणाऱ्याला झेपणार नाही. अति जोराच्या मालिशीने स्नायू इतके चिरडले गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, की त्यातून रक्तात उतरलेल्या द्रव्यांचा भार मूत्रपिंडांवर पडला. चोळून घेतल्यावर लघवी चहासारखी गडद झाली तर थेट डॉक्टरांकडे जा.

आपलं आपण: कामाप्रमाणे

रोजच्या श्रमाला दुसऱ्याचा हात लागतोच असं नाही. संध्याकाळी आंघोळ करून खारट घाम आणि वाळू धुऊन टाका. वाळू अंगावर असताना चोळणं म्हणजे कातडीला सॅण्डपेपर लावणं. अंग ऊन असतानाच तेल घ्या. एका स्नायूला तीन ते पाच मिनिटं पुरतात. दाब मांसल भागावर द्यायचा. हाडावर, सांध्यावर आणि गुडघ्यामागच्या लवणीत नाही, कारण तिथून रक्तवाहिन्या आणि नसा वरूनच जातात.

दोर आणि जाळं ओढणाऱ्यांसाठी. ताण पाठीला वाटतो, पण आखडतो तो कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. हात मांडीवर उताणा ठेवा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मनगटाकडून कोपराकडे सावकाश सरकत जा. दुखरी जागा सापडली की तिथे अर्धा मिनिट स्थिर दाबून ठेवा आणि त्या वेळी मूठ हळूहळू उघडा, मिटा. मग हात उलटा करून तेच करा. पाठीसाठी रबरी चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून गुडघे वाकवत वर-खाली व्हा. घर चिऱ्याचं असेल आणि भिंतीला गिलावा नसेल तर मध्ये जाड पंचा धरा, नाहीतर चेंडूऐवजी चिराच पाठ सोलून काढील. चेंडू मणक्याच्या कण्यावर नको, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर हवा.

लावणी-कापणी करणाऱ्यांसाठी. वाकून केलेल्या कामात कंबर दुखते, म्हणून कंबरच चोळली जाते. त्याच वेळी कुल्ले आणि मांडीची मागची बाजू ताठ झालेली असते. तिकडे कुणी बघत नाही. खुर्चीवर बसून मांडीखाली लाटणं ठेवा आणि पाय पुढे-मागे करा. कुल्ल्यासाठी भिंतीवरचा तोच चेंडू. मग पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीशी घ्या. कमरेला निम्मा आराम इथेच पडतो.

माडावर चढणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण नीट ऐका. तेल कामाच्या आधी नाही, कामाच्या नंतर. तळहात-तळपायांना राहिलेलं तेलाचं बोट माडावर जीव घेऊ शकतं. होडीच्या फळीवर उभं राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

पोहणाऱ्यांसाठी. खांद्याच्या वरचा भाग सगळे दाबून घेतात. पण हात ओढायचं काम छातीच्या आणि काखेमागच्या स्नायूंचं असतं. तिथे बोटांच्या टोकांनी हलकं फिरवा. स्पर्धेच्या सकाळी काखेत आणि मानेला व्हॅसलीन लावतात ते कातडी घासू नये म्हणून. ती मालिश नव्हे, पण ती विसरू नका.

दशावतारी कलावंतांसाठी. मुकुटाच्या भाराने मान आणि नाचून पोटऱ्या, या दोन जागा धरतात. मानेला फक्त स्वतःच्या बोटांनी, मागून खांद्याकडे उतरत हलका दाब द्या. दुसऱ्याला मान झटकू देऊ नका, त्याचं कारण पुढे येतं.

कबड्डीपटूंसाठी. मांडीला गुडघा बसून काळंनिळं झालं असेल तर तिथे चोळायचं नाही. स्नायूत साठलेल्या रक्ताला पुन्हा पुन्हा रगडलं तर काही जणांच्या स्नायूतच हाडासारखा कठीण थर तयार होतो आणि पाय वाकेनासा होतो. बर्फ, पट्टी आणि थोडे दिवस सबुरी.

आणि वांब. रात्री पोटरीत गोळा आला की माणूस ती जोराने चोळायला लागतो. त्याआधी पाऊल हाताने धरून बोटं नडगीकडे ओढा आणि पोटरी ताणलेली ठेवा. गोळा बहुतेक वेळा त्यानेच सुटतो; चोळायचं ते सुटल्यावर, हलकं. उन्हात घाम गाळून आला असाल तर पाण्याबरोबर मीठही हवं. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज हे त्यासाठी विकतच्या बाटलीपेक्षा वाईट नाही.

तेल कोणतं

खरं सांगायचं तर तेलाचं मुख्य काम हात सरकवणं हे आहे. ते हाडापर्यंत मुरत नाही. म्हणून घरात जे स्वच्छ आणि अंगाला सोसणारं आहे ते चालतं.

घाण्याचं खोबरेल आपल्याकडे सहज मिळतं. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, म्हणून पौषातल्या पहाटे बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी लागते. तेल थेट विस्तवावर तापवून कढत लावू नका; मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं म्हणजे पुरे. तिळाचं तेल जरा दाट आणि जास्त वेळ टिकणारं. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घट्ट असतं; भेगा पडलेल्या टाचांना ते उत्तम, पाठीला लावायला महाग आणि चिकट. उंडेल, म्हणजे किनाऱ्यावरच्या उंडीच्या बियांचं तेल, सांधेदुखीला लावायची जुनी रीत आहे. पण ते खायचं तेल नाही. बाटलीवर ठळक नाव लिहून स्वयंपाकघराबाहेर ठेवा, आणि पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा. खाज सुटली, पुरळ आलं तर ते तेल तुमचं नाही.

बाजारातल्या दुखण्यावरच्या मलमांत बहुधा मेंथॉल, कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. त्यातलं शेवटचं अॅस्पिरिनच्या जातीचं. अॅस्पिरिन न सोसणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते भरपूर चोळू नये. मलम लावून वर गरम पाण्याची पिशवी तर मुळीच ठेवू नये, कातडी भाजते. लहान मुलांना कापराची मलमं नकोत.

कुणाच्या हाती अंग द्यायचं

इथे गोंधळ सगळ्यात मोठा आहे, कारण चार वेगवेगळ्या प्रकारची माणसं 'मालिश' हा एकच शब्द वापरतात.

घरचं माणूस किंवा गावातला मालिशवाला. थकव्यासाठी, आखडलेपणासाठी उत्तम. दुखापतीसाठी नाही.

फिजिओथेरपिस्ट. दुखणं दोन आठवड्यांहून जुनं आहे, पुन्हा पुन्हा त्याच जागी येतं, किंवा दुखापतीनंतर कामावर परतायचं आहे, तर यांच्याकडे. पदवी बीपीटी असते आणि महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी यांची स्वतंत्र राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा. चांगला फिजिओथेरपिस्ट तुम्हाला चोळण्यापेक्षा व्यायाम जास्त देईल. 'पैसे देऊन मीच व्यायाम करायचा?' असं वाटू देऊ नका, खरा गुण त्यानेच येतो.

आयुर्वेद वैद्य. पदवी बीएएमएस आणि नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची. सावंतवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे शिकलेले वैद्य सिंधुदुर्ग जिल्ह्यात दुर्मीळ नाहीत. अभ्यंग, स्वेदन किंवा पुढचं पंचकर्म घ्यायचं असेल तर आधी वैद्यांनी तपासायला हवं. नाडी, रक्तदाब, चालू औषधं यांतलं काहीही न विचारता थेट टेबलावर झोपवलं तर ते पंचकर्म नव्हे, तेलाची आंघोळ. आंघोळ म्हणून घ्यायला हरकत नाही. पैसे मात्र आंघोळीचेच द्या.

हाड बसवणारे आणि उसण काढणारे. यावर लिहिलं की नाराजीची पत्रं येतात. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. नुसता पाय लावण्याने नुकसान काही नाही. साधी उसण चार-आठ दिवसांत तशीही उतरते, श्रेय पायाळूला मिळतं. पण हिसका दिला, पाय मुरडला, मान मोडली की प्रकरण वेगळं होतं.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात बंदराच्या धक्क्याच्या निसरड्या पायरीवर माझा घोटा मुरगळला. ओळखीच्या एका जाणत्याने गरम तेलाने अर्धा तास चोळून 'शीर बसवली'. रात्रीत पाय भोपळ्यासारखा सुजला. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर बाहेरच्या हाडाला चीर होती. सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. त्यातले किती चोळण्याचे आणि किती पडण्याचे, हे कुणी सांगू शकत नाही. पण पहिल्या दिवशी एक्स-रे काढला असता तर निदान चोळण्याच्या यातना वाचल्या असत्या.

तेव्हापासून मी हे पाळतो आणि तुम्हीही पाळा: घोटा मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. आणि कुठलीही ताजी दुखापत असो, पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं दोन्ही बंद. थंड पट्टी, दाबून गुंडाळलेलं कापड, पाय उंच.

मान मोडून घेण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. दाढी-कटिंगनंतर न्हावी फुकटात मान दोन्हीकडे कडकन वाजवून देतो आणि आपल्याला बरं वाटतं. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून झटका आल्याच्या, म्हणजे अर्धांगवायूच्या घटना डॉक्टरांनी नोंदलेल्या आहेत. प्रमाण कमी आहे, पण एका कडकन आवाजासाठी ती जोखीम घेण्यात शहाणपण नाही. डोक्याची चंपी घ्या, मान मोडू देऊ नका. नको म्हटल्यावर कुणीही रागावत नाही.

टेबलावर झोपण्याआधी: तुमचे हक्क

पर्यटन वाढलं तशी तारकर्लीपासून वेंगुर्ल्यापर्यंत मसाजच्या पाट्या वाढल्या. चांगली ठिकाणं आहेत, नुसत्या पाट्याही आहेत. तिथे गिऱ्हाईक म्हणून हे तुमच्या हातात आहे:

- करणाऱ्याने काय शिक्षण घेतलं आहे, हे विचारणं. उत्तर टाळलं तर परत फिरणं.
- किती वेळ, कोणता भाग, कोणतं तेल आणि किती पैसे, हे आधी ठरवून घेणं. पैसे दिल्यावर पावती मागणं.
- स्त्रियांनी स्त्रीच हवी असं सांगणं, सोबतीला कुणाला तरी आत बसवणं. दार आतून बंद करायची सक्ती कुणी करू शकत नाही.
- जेवढे कपडे काढायला संकोच वाटत नाही तेवढेच काढणं, आणि जो भाग चोळत नाहीत तो झाकलेला असावा असा आग्रह धरणं.
- कोणत्याही क्षणी 'थांबा' म्हणणं. कारण द्यावं लागत नाही. गैरवर्तन झालं तर ११२ वर फोन.
- दहा किंवा वीस वेळांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेण्यास नकार देणं. पहिल्या दोन वेळांत फरक नसेल तर विसाव्या वेळीही नसतो.

'मसाजने संधिवात कायमचा बरा', 'अर्धांगवायूवर हमखास तेल' अशी जाहिरात दिसली तर ती तिथेच सोडा. या दोन्ही आजारांवर रामबाण औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. सांगितलं एक आणि दिलं दुसरं, पैसे अडकवले, इजा झाली, अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. पावती, जाहिरातीचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद जपून ठेवा. तोंडी सांगण्याला आयोगापुढे फार वजन नसतं.

तेलाची वाटी खाली ठेवायची वेळ

काही दुखणी श्रमाची वाटतात, पण श्रमाची नसतात. अशा वेळी चोळत बसण्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत.

*एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते.* विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. हात न लावता दवाखाना गाठा.

*डाव्या खांद्यात, हातात किंवा जबड्यात दुखतं, घाम फुटतो, दम लागतो.* हा जाळं ओढल्याचा ताण समजून बाम चोळत बसू नका. १०८ ला फोन करा.

*कंबरदुखीबरोबर पाय बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं.* त्याच दिवशी डॉक्टर.

*स्कूबा डायव्हिंगनंतर सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर.* सिलिंडरच्या ओझ्याने खांदा दुखतोय असं वाटेल. पाण्याखालून वर येताना रक्तात बुडबुडे झाल्याचं ते लक्षण असू शकतं. मालिश नको, शुद्ध प्राणवायू आणि तातडीने डॉक्टर. दिवसातून चार-पाच वेळा खाली उतरणाऱ्या आपल्याच मुलांनी हे पर्यटकांपेक्षा जास्त लक्षात ठेवायला हवं.

*जेलीफिश लागली.* चोळू नका. कातडीला चिकटलेल्या डंखपेशी चोळण्याने आणखी विष सोडतात.

रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण, कर्करोगाचे उपचार, उघडी जखम, गजकर्ण, फुगलेल्या शिरा यांपैकी काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर कढत तेल आणि जोराचा हात, दोन्ही नको. भाजलेलं कळतही नाही.

आणि आता या जिल्ह्यापुरती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस दर वर्षी डोकं वर काढतो. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून, पायावरच्या बारीक चिरांमधून तो जंतू आत शिरतो. लक्षणं दिसायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात. ताप, डोकेदुखी, लाल डोळे, आणि अंगदुखी, त्यातही पोटऱ्यांची. लावणी करून आलेल्या माणसाला पोटऱ्या दुखल्या तर शंका येईल का? नाही येत. दोन दिवस तेल, एक दिवस मेडिकलमधली गोळी, आणि चौथ्या दिवशी कावीळ होऊन लघवी कमी झालेला माणूस ओरोसच्या किंवा बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यावा लागतो. वेळेत निदान झालं तर यावर साधी प्रतिजैविकं लागू पडतात. दोडामार्ग आणि बांदा भागात २०१६ पासून माकडतापही आहे. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना गोचीड चावून तो होतो, आणि त्याचीही सुरुवात तापाने, डोकेदुखीने आणि ठणकणाऱ्या अंगानेच होते.

श्रमाचा ठणका हालचालीने थोडा सैल होतो आणि त्याला ताप नसतो. म्हणून घरात तेलाच्या बाटलीशेजारी एक थर्मामीटर ठेवा. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या चोळायला बसण्याआधी तो काखेत लावा. ताप निघाला तर त्या दिवशी तेल लावू नका, मेडिकलमधून आपल्या मनाने वेदनाशामक आणू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि 'चिखलात काम केलंय' हे वाक्य डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता त्यांना सांगा.